विजेची गाडी आणि तालुक्याचा मिस्त्री

विजेवर चालणाऱ्या मोटारगाडीविषयी सध्या दोन मते सारख्याच जोराने मांडली जातात. पहिले मत असे, की या गाडीला निगा म्हणून लागतच नाही. चार्जिंगला लावावी आणि पळवावी. दुसरे मत असे, की पेट्रोलचे जे पैसे वाचतात ते कंपनीच्या सर्व्हिसिंगच्या बिलात निघून जातात, तेव्हा फायदा शून्य. पहिले मत बहुधा गाडी विकणाऱ्याचे असते आणि दुसरे गाडी न घेतलेल्याचे. विज्ञानाच्या विद्यार्थ्याने यांपैकी कोणतेही मत ऐकून मान डोलवू नये. त्याने विचारावे : या यंत्रात झिजते काय? जे झिजते ते किती दिवसांनी झिजते? ते बदलायला कोणते ज्ञान लागते आणि ते ज्ञान कोणाच्या हाती आहे?

यांतला शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे, असे आमचे मत आहे. पुण्या-मुंबईच्या माणसाला तो फारसा जाणवणार नाही. पण सांगली जिल्ह्यातील कवठे महांकाळसारख्या तालुक्याच्या गावाला तो चांगलाच जाणवेल. म्हणून हा विचार आपण कवठे महांकाळमध्येच उभे राहून करू.

(मराठीत मोटारगाडीलाही मोटार म्हणतात आणि विहिरीवरच्या पंपालाही. घोटाळा होऊ नये म्हणून या लेखात वाहनाला ‘गाडी’ आणि विजेच्या यंत्राला ‘मोटर’ म्हटले आहे.)

मोट, इंजिन आणि मोटर

कवठे महांकाळ हा अवर्षणप्रवण तालुका. अग्रणी नदी वर्षाचा बराच काळ कोरडी असते. इथल्या माणसाचे अर्धे आयुष्य पाणी वर काढण्यात गेले. ते काढण्याच्या साधनांचा इतिहास आपल्या विषयाला फार उपयोगी आहे.

आधी मोट होती. तिला बैल लागत, चामडे लागे, नाडा आणि सोंदूर लागत. चामडे फाटले की गावातच शिवून मिळे, दोर गावातच वळून मिळे. मग डिझेलवर चालणारे इंजिन आले. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनी १९१० साली याच जिल्ह्यात किर्लोस्करवाडीचा कारखाना उभारला आणि लोखंडी नांगर शेतकऱ्याच्या हाती दिला. पुढे त्याच नावाची पंप आणि इंजिने महाराष्ट्रभर विहिरींवर बसली. इंजिन बैलापेक्षा जोरदार, पण त्याची हौस मोठी. वंगणाचे तेल बदला, फिल्टर धुवा, नोझल साफ करा, रिंगा बदला. इंजिनाच्या खोलीत काळ्या तेलाचा वास कायमचा मुक्कामाला असे.

आणि मग वीज आली, मोटर आली. मोटरीला तेल बदलावे लागेना, धूर येईना. बेअरिंग गेले किंवा गुंडाळी जळली, तरच तिच्याकडे पाहायचे. आज म्हैसाळ उपसा सिंचन योजनेचे कृष्णेचे पाणी टप्प्याटप्प्याने उचलून या तालुक्यात आणले जाते, तेही विजेच्या प्रचंड मोटरींच्या बळावर. इंजिनापेक्षा मोटरीला निगा कमी लागते, ही गोष्ट कवठे महांकाळच्या शेतकऱ्याला कोणत्याही जाहिरातीने शिकवायला नको. ती त्याच्या विहिरीवर सिद्ध झालेली आहे.

पण याच इतिहासात दुसरा धडा आहे, आणि तो सहसा सांगितला जात नाही. मोटर खेड्यापाड्यांत रुजली ती केवळ चांगली होती म्हणून नव्हे. ती जळाली तर तालुक्याच्या बाजारात ती भरून देणारा मिस्त्री होता, म्हणून रुजली. तांब्याची तार वजनावर मिळत होती, बेअरिंगवर क्रमांक छापलेला होता आणि त्या क्रमांकाचे बेअरिंग कोणत्याही दुकानात मिळत होते. सकाळी जळालेली मोटर दुसऱ्या दिवशी पुन्हा विहिरीत उतरत होती. ज्ञान बाजारात उपलब्ध होते. ते कोणी कुलपात ठेवलेले नव्हते.

विजेच्या गाडीपाशी आपण याच दोन धड्यांनिशी जाऊ.

काय गेले?

पेट्रोलच्या इंजिनात सिलिंडरमध्ये मिनिटाला हजारो वेळा स्फोट होतात. दट्ट्या वरखाली घासतो, झडपा उघडतात-मिटतात, भाग तापतात आणि त्यांच्यामध्ये तेलाचा पातळ थर राखावा लागतो. हे तेल जळकट कणांनी काळे होते, त्याची चिकटपणाची शक्ती जाते, म्हणून ते ठरावीक अंतराने काढून टाकावे लागते. लहान गाडीत एका वेळी साडेतीन-चार लिटर तेल लागते. दर दहा हजार किलोमीटरला ते बदलले, तर एक लाख किलोमीटरमध्ये ३५ ते ४० लिटर तेल बदलले जाते. एवढे काळे तेल कुठे ना कुठे जाते. दुर्दैवाने पुष्कळदा ते गटारात किंवा मातीत जाते.

विजेच्या गाडीत इंजिन नाही, म्हणून इंजिनाचे तेल नाही, तेलाचा फिल्टर नाही, इंधनाचा फिल्टर नाही, स्पार्क प्लग नाहीत, टायमिंग बेल्ट नाही, सायलेन्सर नाही. मोटर शून्य वेगापासूनच पूर्ण जोर देऊ शकते, म्हणून बहुतेक गाड्यांत गिअर बदलावे लागत नाहीत आणि क्लच प्लेटही नाही. मोटरीत फिरणारा मुख्य भाग एकच : रोटर. तो बेअरिंगवर फिरतो आणि स्थिर भागाला स्पर्शही करत नाही. जिथे स्पर्श नाही तिथे घर्षण नाही आणि जिथे घर्षण नाही तिथे झीज नाही.

हा फरक रुपयांत किती पडतो? अमेरिकेतील आर्गॉन राष्ट्रीय प्रयोगशाळेने २०२१ साली याचा हिशेब प्रसिद्ध केला. ठराविक देखभाल आणि दुरुस्ती यांचा खर्च पेट्रोल गाडीला मैलामागे १०.१ सेंट आणि विजेच्या गाडीला ६.१ सेंट येतो, असा तो हिशेब आहे. तिथली मजुरी वेगळी, गाड्या वेगळ्या. म्हणून ते आकडे जसेच्या तसे इकडे आणू नयेत. पण प्रमाण लक्षात ठेवण्यासारखे आहे : शंभराच्या जागी साठ. खर्च कमी होतो, शून्य होत नाही.

ब्रेकचे गणित

ब्रेकचा विचार जरा सविस्तर करू, कारण नववी-दहावीच्या भौतिकशास्त्राचा तो उत्तम धडा आहे.

समजा, गाडीचे वजन माणसांसह १,५०० किलो आहे आणि ती ताशी ६० किलोमीटर वेगाने, म्हणजे सेकंदाला सुमारे १६.७ मीटर वेगाने चालली आहे. तिची गतिज ऊर्जा ½mv² या सूत्राने सुमारे २ लाख ८ हजार ज्यूल येते. बर्फासारखे थंड अर्धा लिटर पाणी उकळीला आणायला जवळजवळ एवढीच उष्णता लागते. नेहमीच्या गाडीत प्रत्येक वेळी थांबताना एवढी ऊर्जा ब्रेकच्या तबकडीवर घासून उष्णतेच्या रूपाने हवेत जाते आणि त्याबरोबर ब्रेक पॅडचा थोडा थर जातो.

विजेच्या गाडीत पाय उचलताच मोटर उलटे काम करू लागते. चाके तिला फिरवतात आणि ती जनित्र बनते. गतिज ऊर्जेतला काही भाग वीज होऊन बॅटरीत परत जातो. सगळा जात नाही. थोडा वाटेत उष्णता होऊन हरवतो. पण ब्रेकवरचा भार हलका होतो आणि पॅड कितीतरी जास्त टिकतात.

मग ब्रेककडे पाहायलाच नको काय? इथेच घाईचा निष्कर्ष चुकतो. जो ब्रेक क्वचित वापरला जातो, त्याच्या लोखंडी तबकडीवर पावसाळ्यात गंज चढतो आणि सरकणाऱ्या पिना अडकून बसतात. म्हणजे झीज कमी झाली, तरी साफसफाई आणि तपासणी उरतेच.

शिवाय ब्रेक ऑइल आहे. हे द्रव हवेतला ओलावा शोषून घेते. डॉट-४ प्रतीच्या नव्या द्रवाचा उत्कलनबिंदू किमान २३०° सेल्सिअस असावा लागतो; ओलावा शिरल्यावर तो १५५° पर्यंत घसरला तरी प्रत मान्य धरली जाते. गाडी कमी चालली म्हणून ओलावा शिरायचा थांबत नाही. म्हणूनच हे ऑइल किलोमीटर मोजून नव्हे, तर साधारण दोन-तीन वर्षांनी, पुस्तिकेत सांगितलेल्या मुदतीला बदलतात. कवठे महांकाळहून मिरज-कोल्हापूरमार्गे रत्नागिरीला जाणाऱ्याने आंबा घाट उतरताना हा फरक ध्यानात ठेवावा. बॅटरी आधीच पूर्ण भरलेली असेल, तर परत येणाऱ्या विजेला जागा नसते आणि घाटात सारी भिस्त नेहमीच्याच ब्रेकवर येते. त्या वेळी जुने ऑइल उकळले तर नळीत वाफेचे बुडबुडे होतात आणि पेडल नुसतेच खाली जाते.

काय उरले?

ब्रेकशिवाय आणखी काय उरले याची यादी करू.

पहिले, टायर. बॅटरीमुळे विजेची गाडी तिच्या पेट्रोलच्या जुळ्या भावापेक्षा दोन-तीनशे किलोंनी जड असू शकते आणि सुरुवातीलाच पूर्ण जोर देते. त्यामुळे टायर लवकर झिजण्याचा संभव असतो. हवा योग्य ठेवणे, टायरांच्या जागा आलटून पालटून बदलणे आणि अलाइनमेंट तपासणे हे पूर्वीपेक्षा जास्त काळजीने करावे लागते. हवा कमी असली तर टायर झिजतोच, वर एका चार्जिंगमध्ये गाडी कमी अंतर जाते.

दुसरे, थंड करणारे द्रव. पुष्कळ गाड्यांत बॅटरी आणि मोटर थंड ठेवण्यासाठी कूलंट फिरते. ते बरीच वर्षे टिकते, पण कंपनीने सांगितलेल्याच जातीचे लागते. त्यात बोअरचे जड पाणी ओतणे म्हणजे अरुंद नळ्यांत क्षारांचे थर चढवून घेणे. पातळी कमी झाली, तर पाणी ओतण्याआधी गळती कुठे आहे ते शोधावे.

तिसरे, आतील हवेचा फिल्टर. धुळीच्या रस्त्यांवर तो पुस्तिकेतल्या मुदतीपेक्षा आधीच तुंबतो. हा भाग बहुतेक गाड्यांत हाताने काढता-घालता येतो.

चौथे, बारा व्होल्टची छोटी बॅटरी. गाडीचे दिवे, कुलपे, संगणक आणि मोठ्या बॅटरीला जोडणारा स्विच यांना वीज ती पुरवते. मोठी बॅटरी पूर्ण भरलेली असली तरी ही छोटी बॅटरी बसली की गाडी सुरूच होत नाही! तिचे आयुष्य साधारण तीन ते पाच वर्षे. रस्त्यात अडकायचे नसेल तर तिची तपासणी वर्षातून एकदा हवी.

पाचवे, मोटर आणि चाके यांच्यामधील दातेरी चाकांच्या पेटीतले तेल. ते फार वर्षांनी बदलावे लागते, पण गळते का हे पाहावे लागते. याखेरीज वायपर, एसी, सस्पेन्शनचे बुश आणि स्टिअरिंगचे सांधे आहेतच. खड्ड्याला गाडी कशावर चालते याच्याशी देणेघेणे नसते.

सहावी आणि सर्वांत मोलाची वस्तू म्हणजे मुख्य बॅटरी. तिला तेलपाणी लागत नाही. भारतात २००१ साली रस्त्यावर आलेल्या ‘रेवा’ या छोट्या गाडीत शिसे-आम्लाच्या आठ बॅटऱ्या होत्या आणि त्यांत वेळोवेळी शुद्ध पाणी भरावे लागे. २०२० साली पुणे जिल्ह्यातील रांजणगावला तयार झालेली नेक्सॉन ईव्ही बाजारात आली, तिच्यात आणि आजच्या इतर गाड्यांत लिथियमचे बंद घट असतात. ते उघडायचे नसतात. पण त्यांचे वय वापरण्याच्या पद्धतीवर ठरते. उष्णतेने रासायनिक क्रियांचा वेग वाढतो, नको असलेल्या क्रियांचाही. म्हणून एप्रिल-मेच्या उन्हात लांबून आलेली गाडी लगेच जलद चार्जिंगला लावण्यापेक्षा सावलीत थोडी निवू द्यावी. किती टक्क्यांपर्यंत भरायची, हे घटाच्या रसायनावर अवलंबून असते, म्हणून त्या बाबतीत शेजाऱ्याचा सल्ला न ऐकता पुस्तिका वाचावी.

बिल कशाचे?

आता दुसऱ्या मताकडे वळू. काम कमी झाले, तर बिल त्या प्रमाणात कमी का होत नाही, असा लोकांचा प्रश्न असतो आणि तो रास्त आहे.

सर्व्हिसिंगच्या बिलाचे चार भाग असतात : सुटे भाग, संपणारे द्रव, मजुरी आणि कर. विजेच्या गाडीत पहिले दोन भाग खूपच घटतात. मजुरी मात्र उरते, कारण बरेचसे काम तपासणीचे असते. उच्च दाबाच्या नारिंगी तारा खरचटल्या आहेत का, चार्जिंगच्या तोंडाशी काजळी धरली आहे का, बॅटरीच्या खालच्या पत्र्याला दगड लागला आहे का, संगणकात दोषाची नोंद आहे का, हे सगळे पाहावे लागते. पाहणे हे काम आहे आणि त्याची मजुरी द्यायला हवी. इन्सुलेशनचे हातमोजे, खास हत्यारे आणि प्रशिक्षित माणूस यांचाही खर्च असतो. सेवाकेंद्रावर येता-जाता लुटारूपणाचा शिक्का मारणे बरोबर नाही.

तरीही एक आर्थिक गोष्ट नजरेआड करता येत नाही. गाड्या विकणाऱ्या दुकानाचे उत्पन्न केवळ विक्रीतून येत नाही. सर्व्हिसिंग आणि सुटे भाग हा त्याचा मोठा आधार असतो. तेल बदलणे, प्लग बदलणे, क्लच बदलणे ही कामे गेली की हा आधार कमकुवत होतो. मग उरलेल्या कामाचा दर वाढवण्याचा किंवा गरज नसलेली कामे बिलात घालण्याचा मोह होऊ शकतो. पुस्तिकेत नसलेली ‘सफाई’, ‘लेप’ किंवा ‘ट्रीटमेंट’ बिलात दिसली, तर ती कशासाठी केली हे विचारण्याचा गिऱ्हाइकाला पूर्ण हक्क आहे. पुस्तिकेतला देखभालीचा तक्ता बिलाशेजारी ठेवून वाचणे एवढे सोपे काम दहावीतला मुलगा किंवा मुलगी वडिलांसाठी करू शकेल.

कवठे महांकाळच्या माणसाला आणखी एक खर्च पडतो, जो कोणत्याच बिलावर छापलेला नसतो. मिरज-सांगली इथून चाळीसेक किलोमीटर. म्हणजे जाऊन-येऊन सुमारे ८० किलोमीटर. गाडीला १०० किलोमीटरला १५ युनिट लागतात असे धरले तर १२ युनिट वीज जाईल. युनिटला ८ रुपये धरले तर शंभरेक रुपये. हे काही फार नाही. पण दिवस मोडतो. द्राक्षबागेत छाटणी किंवा औषधफवारणी चालू असताना मोडलेल्या दिवसाची किंमत बागायतदारच जाणे. ज्या कामाला खरोखर मोठे केंद्र लागते त्यासाठी तो जाईल. पण हवेचा फिल्टर, वायपर, टायर, छोटी बॅटरी, ब्रेकची सफाई यांसाठी त्याने का जावे? ही कामे तालुक्यातला कुशल मिस्त्री करू शकतो.

बंद कुलूप

करू शकतो, पण त्याला करू दिले जाईल काय? खरा वाद इथे आहे.

आजच्या गाडीत बरीच कामे पाना फिरवून संपत नाहीत. मागच्या चाकाचा विजेवरचा ब्रेक मोकळा करायला, दोषाची नोंद वाचायला किंवा नवा भाग गाडीला ‘ओळखायला’ लावायला संगणकाचे साधन लागते. ते साधन आणि माहिती कंपनीने स्वतःपाशीच ठेवली, तर हुशारातला हुशार मिस्त्रीही हात बांधून बसेल. जुना बेअरिंगवाला क्रमांक वाचून बेअरिंग देत होता. इथे क्रमांकच दिसत नाही.

हा प्रश्न पेट्रोल गाड्यांच्या काळातच उभा राहिला होता. भारतीय स्पर्धा आयोगाकडे २०११ साली याविषयी तक्रार झाली. २५ ऑगस्ट २०१४ रोजी आयोगाने १४ मोटार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४५ कोटी रुपये दंड ठोठावला. सुटे भाग, तांत्रिक माहिती आणि तपासणीची साधने स्वतंत्र गॅरेजांना मिळू न देऊन त्यांनी बाजार अडवून धरला, असा आयोगाचा निष्कर्ष होता. बाहेर दुरुस्ती केली म्हणून सरसकट वॉरंटी रद्द करता येणार नाही, असेही आयोगाने बजावले. कंपन्यांनी अपिले केली; २०१६ साली अपील न्यायाधिकरणाने तीन कंपन्यांच्या प्रकरणात दोष कायम ठेवून दंडाची आकारणी बदलली. पुढे जुलै २०२२ मध्ये केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने ‘दुरुस्तीचा हक्क’ या विषयावर समिती नेमली. तिच्या यादीत शेतीची अवजारे होती, तशा मोटारगाड्याही होत्या. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात तर लोकांनी २०१२ आणि २०२० अशा दोन वेळा मतदान करून हा हक्क मागितला. दुसऱ्या खेपेला प्रश्न गाडी बिनतारी मार्गाने कंपनीला पाठवत असलेल्या माहितीचा होता.

विजेच्या गाडीत या हक्काची किंमत जास्त आहे, कारण बॅटरीची किंमत जास्त आहे. बॅटरीत घट एकापुढे एक जोडलेले असतात, ३.२ व्होल्टचे शंभर घट जोडले की ३२० व्होल्ट होतात. बैलगाड्यांची रांग अरुंद वाटेने चालावी आणि सर्वांत मंद गाडीने साऱ्या रांगेचा वेग ठरवावा, तशी या घटांची गत असते. एक गट कमजोर झाला तर सगळी बॅटरी कमजोर वाटते. अशा वेळी तेवढाच भाग बदलायचा की संपूर्ण बॅटरी? यावर बिलाचा आकडा कितीतरी पटींनी बदलतो. मुख्य बॅटरीला आठ वर्षे किंवा १ लाख ६० हजार किलोमीटर अशी हमी अनेक कंपन्या देतात, हे चांगलेच आहे. पण गाडी आठ वर्षांनंतरही चालत राहते आणि लहान गावात ती बहुधा दुसऱ्या, तिसऱ्या मालकाकडे येते. तेव्हा हमी संपलेली असते आणि मिस्त्रीच्या दारातच तिचा निकाल लागायचा असतो.

धोक्याचा मुद्दा

याला एक उत्तर नेहमी दिले जाते : तीनचारशे व्होल्टच्या यंत्रात कोपऱ्यावरच्या गॅरेजवाल्याला हात घालू देणे धोक्याचे आहे. हे उत्तर खोटे नाही. एवढ्या दाबाचा एकदिश प्रवाह प्राणघातक असतो. बंद केलेल्या गाडीतही धारित्रांत काही वेळ विद्युतभार साठून राहतो, म्हणून कुलूप काढल्यावरही ठराविक मिनिटे थांबून, मीटरने शून्य दाब पाहूनच कामाला हात लावायचा असतो. गाडीचे सांगाडे आणि उच्च दाबाच्या तारा यांच्यात दर व्होल्टला किमान १०० ओहम रोध असावा, असा आंतरराष्ट्रीय नियम आहे. ओहमचा नियम लावून पाहा : ४०० व्होल्टला ४० हजार ओहम, म्हणजे गळणारा प्रवाह १० मिलिअँपिअरपेक्षा जास्त नाही. हे मोजायला साधा मल्टिमीटर पुरत नाही. २०२२ साली देशात विजेच्या स्कूटरींना आगी लागल्यानंतर बॅटरीच्या सुरक्षेचे नियम कडक करण्यात आले, ते योग्यच झाले.

पण धोका आहे म्हणून ज्ञान देऊ नये, हा तर्क आम्हाला पटत नाही. विजेच्या खांबावर चढणेही धोक्याचे आहे. म्हणून आपण लाइनमनचे प्रशिक्षण बंद केले नाही, ते नीट करायला लागलो. धोकादायक कामाची माहिती न मिळाल्याने काम थांबत नाही, ते फक्त चोरून आणि चुकीचे होते. सुरक्षिततेचा खरा मार्ग शिकवलेला माणूस, योग्य हत्यार आणि उघड माहिती हाच आहे.

काय व्हावे?

आमच्या मते चार गोष्टी व्हाव्यात. पहिली : देखभालीचा तक्ता, प्रत्येक कामाचे कारण आणि मजुरीचा दर गाडीबरोबर मराठीत छापून मिळावा. दुसरी : सर्व्हिसिंगची कामे दोन यादींत विभागावीत. उच्च दाबाला हात न लावता होणारी कामे कोणत्याही गॅरेजात करण्याची मोकळीक असावी आणि त्यासाठी लागणारे सुटे भाग व संगणकीय साधन वाजवी किमतीत मिळावे. तिसरी : उच्च दाबाची कामे परवानाधारक मिस्त्रीच करील, पण तो परवाना परीक्षा देऊन कोणालाही मिळवता यावा, त्यासाठी कंपनीच्या नोकरीची अट नसावी. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांच्या अभ्यासक्रमांत ‘मेकॅनिक इलेक्ट्रिक व्हेइकल’ हा विषय आलेलाच आहे. तालुक्यातालुक्यांत त्याचे वर्ग, आणि वर्गात उघडून पाहायला खरी गाडी, एवढे करायला हवे. चौथी : बॅटरीचा प्रत्येक गट किती सशक्त आहे, ही नोंद मालकाला मागेल तेव्हा मिळावी. आपल्याच वस्तूची प्रकृती आपल्याला कळू नये, हे विचित्र आहे.

शिक्षकांना एक सुचवावेसे वाटते. वर्गाला एक छोटा प्रकल्प द्यावा. गावातील चार पेट्रोल गाड्यांची आणि मिळाल्यास एक-दोन विजेच्या गाड्यांची वर्षभराची बिले, मालकांची नावे झाकून, मुलांनी गोळा करावीत. प्रत्येक बाब भाग, द्रव, मजुरी आणि कर अशा रकान्यांत लिहावी. मग तीन प्रश्न विचारावेत : हे काम पुस्तिकेत आहे काय? ते गावात होऊ शकले असते काय? नसते, तर कशाअभावी? तिसऱ्या प्रश्नाची उत्तरे फळ्यावर मांडली की तालुक्यात कोणते हत्यार, कोणती माहिती आणि कोणते प्रशिक्षण कमी आहे याची यादी आपोआप तयार होईल. ती यादी तहसील कार्यालयाकडे आणि जवळच्या आयटीआयच्या प्राचार्यांकडे पाठवायला पोस्टाचे एक पाकीट पुरेल.

ढालगावच्या पठारावर पवनचक्क्या फिरताना या तालुक्यातील मुले रोज पाहतात. वीज इथे तयार होते, विजेवर इथे पाणी चढते. विजेची गाडीही इथे येईलच. ती आली तर तिची निगा राखणारे हातही इथलेच असावेत, आणि त्यांतले काही हात हा अंक वाचणाऱ्यांचे असावेत.